गाडीमागचा कंदील

गोंदिया ते कोहमारा मोटार चालवणारा केवलराम जगाकडे ड्रायव्हरच्या सीटवरून पाहायचा. खाली उतरल्यावरही त्याची नजर काही खाली यायची नाही. रस्त्यात भेटणाऱ्या माणसांचे त्याने दोनच प्रकार पाडले होते: मोटारीत बसलेले अडाणी आणि मोटारीत न बसलेले अडाणी. पहिल्यांनी तिकीट काढलेलं असे, एवढाच काय तो फरक.

आता मोटार तरी कसली होती म्हणाल, तर ऐकण्यासारखी होती. स्वराज्य येऊन दुसरं वर्ष लागलं होतं. स्वराज्य मिळालं होतं, पेट्रोल मिळत नव्हतं. म्हणून मोटारींचा मालक जो शेठ, त्याच्या दोन्ही मोटारी कोळशावर चालत. मोटारीच्या पाठीला एक उंच लोखंडी टाकी बसवलेली होती. तिच्यात वरून लाकडी कोळसा ओतायचा, खालून पेटवायचा, आणि बाजूचा पंखा दंड भरून येईपर्यंत हाताने फिरवायचा. त्या कोळशाचा वायू नळीतून इंजिनापर्यंत पोचला की मोटार खोकत खोकत निघायची. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. म्हाताऱ्यांना माफी होती, बाकी कुणाला नव्हती. अशा या वाहनावर केवलराम असा बसायचा, जणू लाटसाहेबाला घेऊन निघाला आहे.

त्याला सल्ला देण्याची खोड होती आणि सगळ्या सल्ल्यांचं सार एकच असे: तार बांधा. घरावरचे कवेलू सरकतात, तार बांधा. रहाट करकरतो, तार बांधा. खाटेचा पाय निखळला, दाराची कडी तुटली, सायकलचं मडगार्ड वाजतं, तार बांधा. सीटखाली तारेचं भेंडोळं आणि पक्कड कायम ठेवलेली. "हातात पक्कड आन डोक्यात अक्कल पाह्यजे," असं तो प्रत्येक थांब्यावर ऐकवायचा. "जरा काही मोडलं का लोहाराकडं पळते, तो मानूस नाही, गाढव होय." खरं सांगायचं तर त्याने बांधलेली तार पुष्कळदा टिकायची. तेच वाईट झालं. एकदोनदा फसली असती, तर माणूस जरा ताळ्यावर राहिला असता.

पण त्याचा खरा राग होता बैलगाड्यांवर. धान घेऊन गोंदियाच्या गिरण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग सडकेच्या मधोमध चालायची. बैलांना वाट पाठ असल्यामुळे गाडीवान पोत्यांवर खुशाल झोपलेले असत. गाडीच्या मागे कंदील लावायचा सरकारी नियम होता. नियम सरकारपाशी होता आणि कंदील घरी.

"ए बैलाच्या, कंदील कुठं आहे तुजा?" तो मोटार अंगावर घालून विचारायचा.

"आहे न डायवरभाऊ," पिपरटोल्याचा सुकराम एकदा पोत्यावर उठून बसत म्हणाला होता. "घरी आहे."

"घरी काऊन ठेवला?"

"घरी अंधार रायते न."

यावर मोटारीतली माणसं हसली आणि केवलरामची कानशिलं तापली. त्याने सुकरामला, त्याच्या बैलांना, त्या बैलांच्या आईबापांना आणि एकूण गाडीवान जातीला जे ऐकवलं, ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. खुद्द केवलरामचा बाप चैतराम याच सडकेवर गाडी हाकत म्हातारा झाला होता, आणि तोही पोत्यांवर झोपायचा. ही गोष्ट केवलराम कुणाला सांगत नसे. माणसाला आपल्या मुळाची लाज वाटायला लागली की तो दुसऱ्यांच्या मुळांवर थुंकत सुटतो. केवलराम तर चालत्या मोटारीतून थुंकायचा.

त्या साली त्याचा चढेलपणा जरा जास्तच वाढला होता, कारण शेठ नवी मोटार आणणार होता. पेट्रोलवर चालणारी, पितळी भोंग्याची, गादीच्या बाकांची. परवाना मिळाला होता, मोटार होळीनंतर यायची होती. ती कुणाच्या हातात द्यायची एवढंच ठरायचं होतं. एक केवलराम आणि दुसरा तिरोड्याच्या लाइनीवरचा गोवर्धन. या गोवर्धनला तर केवलराम ड्रायव्हरच मानत नसे. गाय आडवी आली की थांबतो, गाडी दिसली की वेग कमी करतो, गाडीवानाला रामराम करतो. "तो मोटार हाकत नाही, मोटारीले चारायले नेते," असं केवलराम म्हणायचा. तरीही रात्री अंथरुणावर त्याला धास्ती वाटायची. नवी मोटार गोवर्धनला मिळाली, तर उभ्या सडकेला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती, कारण उभी सडक त्याने आपल्याच तोंडाने तोडून ठेवली होती.

शेठने त्याला स्पष्टच सांगितलं होतं. "देख केवल, नई गाडी उसी को दूंगा जिस का काम साफ है. और वो राख का दरवाजा पहले ठीक करा." कोळशाच्या टाकीच्या बुडाशी राख काढायचं एक झाकण होतं, त्याची कडी तुटली होती. स्टँडामागच्या लोहाराकडून नवी कडी रिबेट मारून बसवून घे, असं शेठचं सांगणं होतं. केवलराम लोहाराकडे जाणार, म्हणजे त्याच्याच भाषेत गाढव ठरणार. त्याने झाकणाला तारेचे चार वेढे दिले, टोकं पिळली आणि शेठला सांगितलं, "हो गया, शेठजी. एकदम पक्का." तारेची पिळलेली टोकं झाकणाखाली वीतभर लोंबत राहिली. तेवढी कापायचा त्याला कंटाळा आला.

फाल्गुन लागला. धान केव्हाच घरात गेलं होतं आणि धानाच्या बांध्यांत, म्हणजे त्याच शेतांत, ओलीवर टाकलेली लाखोरीची डाळ उपटून वाळत पडली होती. आता पिपरटोल्याच्या लोकांनी एक शोध लावला होता. बैलांना अर्धा दिवस गोल फिरवून जेवढी लाखोरी मळली जाते, तेवढी मोटारीच्या चाकाखाली एका फेरीत मळून निघते. मग काय, गोरेगाव सोडून मोटार यायच्या वेळेला सगळा टोला आपापले भारे घेऊन सडकेवर हजर. वाळलेल्या लाखोरीचा गुडघाभर थर या काठापासून त्या काठापर्यंत पसरायचा, मोटार गेली की दाताळ्याने काड्या ओढायच्या, दाणे झाडून घ्यायचे, आणि परतीच्या फेरीसाठी नवा थर टाकायचा.

केवलराम रोज मोटार थांबवायचा, खाली उतरायचा, शिव्या द्यायचा आणि मळणी करून पुढे जायचा. दुसरी वाटच नव्हती. पण एके दिवशी त्याहून भलतंच झालं. सुकरामची बायको अनुसयाबाई टोपली घेऊन सीटजवळ आली. टोपलीत चाळून स्वच्छ केलेली लाखोरी होती.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "तुमचा वाटा."

"कायचा वाटा?"

"खळ्यावरचा. सुताराचा काढतो, लोहाराचा काढतो, तसा तुमचा काढला."

तिच्या दृष्टीने यात काही चूक नव्हतं. खळ्यावर ज्याने हात लावला, त्याच्या पदरात काहीतरी पडलंच पाहिजे, नाहीतर रास लाभत नाही, असा टोल्याचा रिवाज. मोटारीने मळणी केली, मग मोटारवाल्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

"मले बैल समजता का तुमी?" केवलराम ओरडला.

अनुसयाबाईने टोपली कमरेवर घेतली आणि शांतपणे त्याच्याकडे पाहिलं. "बैल काऊन समजू? बैल दिवसभर काम करते. तुमी एक घडीचे. बैलाले काड्या देतो, तुमाले दाना देऊन राहिलो."

मोटारीतली माणसं पोट धरून हसली. पुढच्या बाकावरचा गोरेगावचा एक मास्तर तर धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागला. केवलरामने टोपली हाताने झिडकारली. मूठभर दाणे सडकेवर सांडले, तेही तिने वाकून वेचून घेतले आणि पदराला बांधले. तो रात्रभर जळफळत राहिला. बैल. त्यातही बैलापेक्षा कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदियाकडे येताना पिपरटोल्याचा थर लांबूनच दिसला आणि त्याने ठरवलं, आज थांबायचं नाही. सुसाट जायचं, काड्या-दाणे पार बांध्यांत उडवायचे. करा म्हणावं गोळा. त्याने मोटार होती नव्हती तेवढ्या जोरात सोडली आणि थरात घातली. काठावर उभी माणसं मागे सरली. चाकांनी उचललेल्या काड्या वर आल्या, झाकणाखाली लोंबणाऱ्या तारेच्या टोकांत अडकल्या, त्यांच्यावर आणखी अडकल्या, आणि बघता बघता तिथे बोचकं तयार झालं. ते खालच्या थरातून फरफटत होतं आणि तारेला ओढत होतं. एक वेढा सुटला, दुसरा सुटला. झाकण उघडलं आणि लालभडक निखारे भसाभस सडकेवर सांडले.

"डायवर, धूर निघून राहिला," मागच्या बाकावरून कुणी म्हणालं.

"कोळशाची मोटार आहे," केवलराम मान न वळवता म्हणाला. "धूर नाही त का अत्तर निघन?"

"डायवरभाऊ, लई निघून राहिला."

आता या शहाण्याला खाली उतरवूनच सोडायचं, म्हणून त्याने करकचून ब्रेक दाबला. म्हणजे चालती मोटार होती ती नेमकी वाळलेल्या काड्यांच्या मधोमध, आपल्याच निखाऱ्यांवर आणून उभी केली. एवढी अचूक मूर्खता ठरवूनही जमली नसती. तो शिवी तोंडात घेऊन खाली उतरला आणि ती तोंडातच राहिली. मोटारीच्या मागे ज्वाळा उठल्या होत्या.

उतारू बाहेर पडले, कालचाच मास्तर आजही होता, तो खिडकीतून पडला. पुढचं जे काही केलं ते पिपरटोल्याने केलं. सुकराम आणि त्याच्या भावकीने दाताळी घालून मोटारीखालच्या जळत्या काड्या ओढून काढल्या. बायकांनी ओली पोती आणि सडकेकडेची माती टाकीवर फेकली. चाकं वाचली, माणसं वाचली. टाकीच्या नळ्या जळून गळून पडल्या आणि टोल्याच्या त्या दिवसाच्या लाखोरीचा निम्म्याहून जास्त कोळसा झाला. केवलराम एवढा वेळ सडकेच्या कडेला उभा होता. त्याच्या भुवया जळल्या होत्या आणि तोंड काळंठिक्कर पडलं होतं.

"सडक का तुमच्या बापाचं खळं होय?" आग विझल्यावर त्याला वाचा फुटली. "तुमच्या पायी माजी मोटार गेली."

सुकराम जळालेल्या काड्यांत उकिडवा बसून काहीतरी वेचत होता. त्याने मान वर केली नाही. अनुसयाबाईने मात्र पदराने घाम पुसत त्याला एकदा वरून खालपर्यंत न्याहाळलं. बिनकामाचं जनावर बाजारात दिसलं की माणूस पाहतो, तसं पाहिलं, आणि ती कामाला लागली.

आता मोटार गोंदियाला न्यायची कशी? वायू नाही, पेट्रोल नाही. उतारू केव्हाच पायी निघाले होते. सडक अडली होती, मागे गाड्या खोळंबल्या होत्या. सुकरामने तीन जोड्या आणल्या आणि पुढच्या बंपरला दोर बांधायला लागला.

"हे का करून राहिला?"

"पोचवून देतो. तुमची मोटार हटल्याबिगर आमी काड्या कशा झाडाव?"

"बैल लावून? माज्या मोटारीले?"

"मंग तुमी ओढा," सुकराम म्हणाला.

केवलराम मुकाट्याने सीटवर चढला. बैल चालायला लागले. ज्या सडकेवरून तो रोज लोकांच्या तोंडावर धूळ उडवत जायचा, त्याच सडकेवरून तो आता बैलांच्या चालीने निघाला. गावागावांत माणसं दारात येऊन उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी चिडवलं नाही. नुसते बघत राहिले, आणि ते जास्त वाईट होतं.

"स्टेरिंग नीट धरजा," सुकरामने पुढून सांगून ठेवलं होतं. "आन झोपजा नोका."

झोपजा नोका, म्हणे. कोण कुणाला सांगतंय? पण केवलराम पहाटेचा उठलेला, पोटात अन्नाचा कण नाही, वर फाल्गुनातलं ऊन आणि खाली बैलांची ती डुलती चाल. कारंजा येण्याआधी त्याची मान पुढे पडली. मोटार हळूहळू कडेला झुकली, एक चाक नालीच्या काठावर आलं. सुकरामने मागे येऊन बैल हाकायच्या तुतारीच्या काठीने बॉनेटवर टकटक केलं.

"डायवरभाऊ. उठा. नालीत जाऊन राहिले."

केवलराम दचकून उठला आणि "झोपलो नव्हतो" असं म्हणाला. झोपलेला प्रत्येक गाडीवान त्याला आजवर हेच सांगत आला होता.

गोंदिया जवळ आलं तशी दिवेलागण झाली. सुकरामने जोड्या थांबवल्या, खांद्यावरच्या पोत्यातून कंदील काढला, काच पुसली, पेटवला आणि मोटारीच्या जळक्या टाकीला मागे टांगला.

"हे कायले?" केवलरामने विचारलं.

"तुमीच त सांगता," सुकराम म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "मागून कोनी आलं त दिसलं पाह्यजे. आज घरून आनला."

अशी ती वरात शेठच्या आवारात शिरली: पुढे सहा बैल, मागे कंदील आणि मधे केवलराम. शेठ गादीवरून उठून बाहेर आला. गोवर्धन तिथेच आपल्या मोटारीच्या पंख्याला तेल देत होता. त्याने एकदा पाहिलं आणि भल्या माणसासारखी नजर दुसरीकडे वळवली. केवलरामला त्याचा तो भलेपणाही झोंबला.

"ये क्या हुआ?" शेठ म्हणाला.

"गाववालों की बदमाशी, शेठजी," केवलरामने तोंड उघडलं आणि मग ते थांबेचना. सडकेवर पीक टाकतात, अडाणी आहेत, जंगली आहेत, मुद्दाम आग लावली, पोलिसात दिलं पाहिजे सगळ्या टोल्याला. "इसको भी पकडो," तो सुकरामकडे बोट करत म्हणाला. दिवसभर आपले बैल राबवून ज्याने त्याला इथवर आणलं, त्याच्याकडे.

सुकराम दोर सोडत होता. त्याने शेवटची गाठ सोडली, बैल बाजूला घेतले आणि शेठसमोर येऊन उभा राहिला. शेठला वाटलं, आता हा हात जोडणार. सुकरामने बंडीच्या खिशात हात घातला आणि काळी पडलेली वेड्यावाकड्या वेढ्यांची तार बाहेर काढली.

"हे तुमचं होय," तो म्हणाला. "सडकेवर पडलं होतं, झाकनाजोळ. बैलाच्या खुरात गेलं असतं म्हनून उचललं. लाखोरी आमची जरली, सडकेवर टाकली हा आमचा दोस. पर तार आमची नोहे."

शेठने तार हातात घेतली. कंदिलाच्या उजेडात जळक्या टाकीपाशी जाऊन वाकला आणि उघडं झाकण पाहिलं. तिथे कडी नव्हती, रिबेटही नव्हते. तारेच्या वेढ्यांचे ओरखडे मात्र होते.

"एकदम पक्का," तो उठत म्हणाला. बस्स, एवढंच. मग गोवर्धनकडे वळला. "गोरेगाव की सवारी रुकी होगी. तू गाडी लेके जा. कल से ये लाइन तेरी, और होली के बाद नई गाडी भी." केवलरामकडे त्याने परत पाहिलंच नाही. शिव्या दिल्या असत्या तर केवलरामला उत्तर देता आलं असतं.

केवलरामचं घर गोरेगावात. गोवर्धन म्हणाला, "चाल, बस माज्या बाजूले, सोडून देतो." आवाजात जरासुद्धा टोमणा नव्हता. केवलराम म्हणाला, "आमच्या पायाले का रोग झाला?" आणि तरातरा बाहेर पडला. उसना ताठा रेल्वे फाटकापर्यंत पुरला. दिवसभराचा उपाशी, तिथे तो मैलाच्या दगडावर बसला. थोड्या वेळाने मागून जोड्या आल्या. सुकरामने गोंदियातल्या एका सोयऱ्याची रिकामी गाडी मागून आणली होती. एक जोडी जुंपलेली, बाकीच्या मोकळ्या पुढे चालत होत्या.

गाडी थांबली. सुकराम जरा पुढे सरकला. केवलराम दगडावरून उठला आणि मागच्या बाजूने गाडीवर चढला. ज्याला त्याने घटकाभरापूर्वी पोलिसांत द्यायला काढलं होतं, त्याच्याच गाडीत. शरमेने त्याचं तोंड तापलं होतं, पण काजळीखाली ते कुणाला दिसणार?

"भाऊ," मोटारीवरून काढून आणलेला कंदील मागे देत सुकराम म्हणाला, "या गाडीले कंदील टांगायले खुंटी नाही. तुमी हाती धरून बसजा."

"तार असती त बांधला असता," केवलरामच्या तोंडून निघून गेलं.

सुकरामने मागे वळून पाहिलं.

बैल चालायला लागले. केवलराम मागे पाय सोडून कंदील धरून बसला. समोर त्याला सडकेचा तेवढाच तुकडा दिसत होता, जेवढा कंदील दाखवत होता. त्यापलीकडे काळोख. त्या काळोखातून मोटार आली तर ती थांबेल की नाही, हे गाडीतल्या माणसाच्या हातात नसतं. बाप चाळीस वर्षं या काळोखाला पाठ देऊन कसा झोपला असेल, कोण जाणे.

थोड्याच वेळात मागे दोन दिवे दिसले आणि खोकणारं इंजिन ऐकू आलं. उतारू भरून, कोळसा पेटवून निघालेली गोवर्धनची मोटार. ती जवळ आली, तिने वेग कमी केला आणि गाडीला चांगली जागा सोडून बाजूला घेतली. कंदिलामागचा काळा चेहरा गोवर्धनने ओळखला नाही. त्याने आपल्या रोजच्या सवयीप्रमाणे खिडकीतून हात बाहेर काढला.

"रामराम गाडीवान," तो म्हणाला. "कंदील चांगला धरला. असाच धरत जा."

मोटार पुढे गेली. धूळ खाली बसेपर्यंत केवलराम कंदील तसाच वर धरून राहिला.